दिलेलं परत मागायला

खर्र… खर्र.

हॅरिएटच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा कुठंही काही हलत नव्हतं. ओसरीवर चटई नाही, चुलीला धूर नाही, दार ओढून घेतलेलं. जुईला कांजिण्या झाल्या म्हणून मी तीन आठवडे आले नव्हते, आणि तीन आठवड्यांपूर्वी हॅरिएटला कूस बदलायलासुद्धा दोन माणसं लागत होती. मनात म्हटलं, संपलं असणार, आपण उशिरा आलो. तेवढ्यात आतून तो आवाज आला. पातेल्याच्या बुडाशी चमचा घासल्याचा.

मी वाइस्वांकडे पाहिलं. ते सायकल फणसाला टेकवत होते. टेकवून झाल्यावर तिची घंटी उगाचच पुसत बसले.

"म्झे, आत कोण आहे?" मी कुजबुजले. म्झे म्हणजे वडीलधारे. वाइस्वा साठीचे सुतार होते आणि आमच्या कामातले माझे जोडीदार.

"दार काय चावतं का तुला? जा, बघ."

मी दार लोटलं. हॅरिएट भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. मांडीत पातेलं. शेंगदाण्याच्या रश्श्याची बुडाला लागलेली खरवड ती लाकडी चमच्यानं काढत होती. मला बघताच तिनं चोरी पकडल्यासारखं पातेलं पाठीमागे लपवलं. मग लपवण्यात अर्थ नाही हे लक्षात येऊन ते परत पुढे घेतलं.

"मामा जुई! होतीस कुठं? तेवढ्यात मी मेले असते म्हणजे?"

तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात. जुईची आई म्हणून मी मामा जुई. हे सांगलीला माझ्या आईच्या कानावर गेलं असतं तर तिनं माझ्या भावाला शोधायला माणूस धाडला असता.

मी तिच्यासमोर बसले. पाठीवर बांधलेली जुई खरवडीच्या वासानं जागी झाली आणि हात पुढे करून तिनं आपला हिस्सा मागितला.

"हे आजचं दुसरं पातेलं," वाइस्वा दारातून म्हणाले. "काल तीन झाली. नांगोबी शेजारीण म्हणते, बाई आजारी होती तेव्हा परवडत होती."

ही आठ वर्षांपूर्वीची, युगांडातली गोष्ट. माझा नवरा तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट होता आणि कारखान्याच्या घरात मी आणि नऊ महिन्यांची जुई दिवसभर एकमेकींची तोंडं बघत असायचो. एक दिवस टेकडीवरच्या केंद्रातली कागोया सिस्टर दारात आली. जुनं मऊ कापड आहे का, म्हणाली. दुपट्यांसाठी म्हणून सासूबाईंनी दिलेल्या सुती साड्या होत्या, त्यातल्या तीन मी काढून दिल्या. कुणाला, कशाला, हे बघायला तिच्याबरोबर गेले आणि मग जातच राहिले. एचआयव्हीनं अंथरुणाला खिळलेली माणसं आपापल्या घरात, आपल्या माणसांत, होता होईल तेवढ्या कमी वेदनेत जावीत, एवढंच त्या केंद्राचं काम. तोंड ओलं करायचं, पाठ पुसायची, जखमेला कापड लावायचं, दुखण्यावरचं हिरवं औषध मोजून पाजायचं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून यायचं ते. आणि बसायचं. बसणं हे सगळ्यात मोठं काम, असं सिस्टर म्हणायची.

हॅरिएट माझं तिसरं घर. शाळेचे गणवेश शिवणारी, तीस वर्षांची. नवरा तीन वर्षांपूर्वी ह्याच दुखण्यानं गेलेला. सात वर्षांची मुलगी, मिरेंबे. केंद्राला त्या वर्षी पहिल्यांदाच नव्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि हॅरिएटला त्या सुरू केल्या होत्या. पण सुरुवातीला ती अजूनच खालावली. आम्ही सगळ्यांनी, तिनं स्वतःनंसुद्धा, शेवटाची तयारी केली.

आणि आता ती माझ्या जुईला खरवड भरवत होती.

"सिस्टर म्हणते, गोळ्या लागू पडल्या," हॅरिएट म्हणाली. "म्हणते, रोज घेतल्या तर शिवत बसशील म्हातारी होईपर्यंत. मी म्हटलं, शिवू कशावर?"

हा खरा घोटाळा होता. मरणार म्हणून हॅरिएटनं सगळं वाटून टाकलं होतं, तेही नीट, प्रत्येकाला बोलावून, दोन शब्द बोलून, रडून. शेळी नांगोबीला. दोन खुर्च्या चर्चच्या मंडळींना. सणाचा जांभळा पोशाख मैत्रिणीला. आता ती हळूहळू काठी टेकत रस्त्यावर यायला लागली तर गावातले लोक तिला बघून वाट बदलायचे. दुखण्याच्या भीतीनं नव्हे. प्रत्येकाच्या घरात तिचं काहीतरी होतं.

"नांगोबीची शेळी व्याली," ती म्हणाली. "दोन करडं. सकाळपासून ती माझ्याशी हवापाण्याचं बोलते."

"आणि मी तुझ्या शवपेटीच्या फळ्या कापून ठेवल्यात," वाइस्वा म्हणाले. "नजरेनंच माप घेतलं होतं. त्यांचं काय करू?"

"लाकूड कसलं?"

"उत्तम. माझ्या आईसाठी वापरलं होतं तेच."

"मग माझ्या मशीनला टेबल करा. रुंद करा चांगलं." ती हसली. चमचा पातेल्यात ठेवून दिला. "मशीन नको मला. शेळी नको, खुर्च्या नको. मला मिरेंबे परत आणून द्या."

मिरेंबेला तिनं नणंदेला दिलं होतं. सहा आठवड्यांपूर्वी. आपण मरताना पोरीनं बघू नये म्हणून. तिकडे आत्याला सेंगा म्हणतात आणि भावाच्या मुलीवर तिचा आईइतकाच हक्क मानतात. तिबाकुनो सेंगाला स्वतःचं मूल नव्हतं; ती अकरा किलोमीटरवर, एका तिठ्यावर तळलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, विकायची. तिनं मिरेंबेला नेलं आणि शिलाई मशीनही नेलं, पोरगी मोठी झाली की शिकेल म्हणून. बोलावल्याशिवाय तिला आणू नका, असं हॅरिएटनंच बजावलं होतं. बोलावणं म्हणजे कशाचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"निरोप पाठवू या," मी म्हटलं.

"निरोप नाही चालायचा. दिलेलं परत मागायला स्वतः जावं लागतं." ती माझ्याकडे बघत होती. "आणि तूही चल. वही तू लिहिलीस."

वही म्हणजे आठवणवही. मरणाऱ्या आया आपल्या मुलांसाठी तिथं अशी वही करून ठेवतात. तू कधी जन्मलास, पहिला दात कधी आला, तुझा बाप कसा हसायचा, कुठल्या नातेवाइकावर विश्वास ठेव, कुणाला उधार देऊ नको. हॅरिएटच्या बोटांत पेन धरायची ताकद नव्हती. ती बोलायची, वाइस्वा मला समजावून सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे. बत्तीस पानं भरली होती. मी अभिमानानं त्याला कव्हर घातलं होतं.

तिला वाटलं, वही लिहिणारी बरोबर असली की जोर येईल. मला मात्र त्या क्षणी एक पान आठवलं. सायकल भाड्यानं कुठं मिळेल, एवढंच मी विचारलं.

शनिवारी निघालो. वाइस्वांच्या सायकलच्या मागच्या गादीवर हॅरिएट, एका भाड्याच्या सायकलवाल्यामागे मी, माझ्या पाठीवर जुई. तांबडा रस्ता, दोन्हीकडे उसाच्या भिंती. हॅरिएटनं मैत्रिणीकडून जांभळा पोशाख फक्त दिवसभरासाठी मागून घेतला होता. त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. पोशाखाचे टोकदार खांदे वाऱ्यानं तिच्या कानाशी यायचे. वाटेत तीनदा थांबलो. दोनदा तिला धाप लागली म्हणून, आणि एकदा भाजलेलं कणीस दिसलं म्हणून.

तिठ्यावर आंब्याखाली तिबाकुनो सेंगा कढईपुढे उभी होती. पन्नाशीची, रुंद बांध्याची, आवाज सगळ्या बाजारावर पडणारा. तिनं हॅरिएटला पाहिलं आणि झारा हवेत धरून तशीच उभी राहिली. तेल थेंब थेंब निखाऱ्यावर पडून चर्र वाजत होतं.

"वाइस्वा," ती सावकाश म्हणाली, "मागं काय बसवून आणलंयस?"

"तुझी भावजय."

"माझ्या भावजयीच्या मातीला न्यायचं भांडंसुद्धा मी घासून ठेवलंय." मग ती पुढे आली आणि हॅरिएटचा दंड दोन बोटांनी चिमटीत धरून बघितला. "हाड गरम आहे. भूत नाही. भूत सायकलवरून येत नाही, त्याला कोण बसवणार!" आणि एकदम तिनं हॅरिएटला छातीशी घेतलं, इतकं जोरात की वाइस्वा ओरडले, "अगं, मोडेल ती!"

मिरेंबे घरामागून पळत आली. केसांच्या बारीक बारीक वेण्या, प्रत्येकीच्या टोकाला पिवळा दोरा. आईला पाहिलं आणि दहा पावलांवर थबकली. मग जे शिकवलं होतं ते तिनं केलं. गुडघे टेकून बसली, मान खाली घालून, पाहुण्यांना करतात तसा नमस्कार केला.

हॅरिएटचा चेहरा मला बघवेना.

"ऊठ गं," ती म्हणाली. "मी काय शाळातपासणीला आलेय?"

मिरेंबे उठली. जवळ येऊन तिनं एक बोट आईच्या गालावर दाबून पाहिलं. "तू जाड झालीस."

"अजून होणार आहे."

मग तिनं दोन्ही हात गळ्यात टाकले. सेंगा कसावा तळायला लागली. एक घाणा जळाला, तो तिनं बाजूला टाकला. तिच्या हातून कसावा जळलेला आपण तोवर ऐकला नव्हता, असं वाइस्वा नंतर म्हणाले.

जेवण झालं. रताळी, भाजी, मासा. हॅरिएट खात होती आणि सेंगा तिचा घास न् घास मोजल्यासारखी बघत होती. ताट पुसून झाल्यावर हॅरिएटनं हात धुतला आणि म्हणाली, "मुलामू, मी मिरेंबेला न्यायला आलेय." नणंद-भावजयी एकमेकींना मुलामू म्हणतात. लाडानंही म्हणतात आणि भांडतानाही.

सेंगा उठली. आत गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन आली. माझं कव्हर मी ओळखलं.

"इंग्रजी मला फार येत नाही," ती म्हणाली. "पण पोरगी रोज संध्याकाळी वाचून दाखवते. हे पान मला तोंडपाठ आहे." तिनं वही उघडून माझ्यासमोर धरली. "तू लिहिलंस ना हे? वाच."

मी वाचलं. "आजपासून सेंगा तुझी आई आहे. तिचं ऐक. ती जेवायला बोलावेल तेव्हा पहिल्या हाकेला जा." खाली तारीख.

"आजपासून," सेंगा म्हणाली. "आणि तारीख. कुठं काही अट आहे?"

हॅरिएट माझ्याकडे वळली. "मी असं नाही सांगितलं. मी म्हटलं होतं, मी मेल्यावर सेंगा तुझी आई."

"हो," मी म्हटलं.

"मग?"

जुई माझ्या मांडीत कसाव्याचा तुकडा चोखत होती. मी तिच्या टाळूकडे बघून बोलले. "मला लिहवलं नाही. आमच्याकडे असलं अभद्र लिहीत नाहीत. आमच्याकडे दिवा विझवला म्हणत नाहीत, शांत केला म्हणतात. कुंकू संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. घरातनं निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. लहान मुलीच्या वहीत, तिच्या आईचं… म्हणून मी 'आजपासून' लिहिलं. मला वाटलं, अर्थ तोच आहे."

हॅरिएटच हसायला लागली. आधी खोकली, मग हसली, मग दोन्ही. "म्हणजे तू मला मारायला लाजलीस आणि जिवंतपणी माझी पोरगी देऊन टाकलीस!"

"तिनं चांगलं केलं की वाईट, ते मला कळत नाही," सेंगा म्हणाली. ती हसत नव्हती. "हॅरिएट, माझा भाऊ. आठवतं? दोन महिने पडून होता. मग एक दिवस उठून बसला. कोंबडी मागितली. अख्खी कोंबडी खाल्ली आणि आम्ही सगळे नाचलो. मी सुद्धा नाचले, ह्या असल्या पायांनी. तिसऱ्या दिवशी त्याला पुरला."

सेंगानं मिरेंबेकडे बोट दाखवलं.

"ही पोरगी तेव्हा चार वर्षांची होती. ती पण नाचली होती. तू आज उठलीस, मला आनंद आहे, देवाशपथ. पण तू परत पडलीस तर ही पुन्हा एकदा ह्या रस्त्यानं, पुन्हा एकदा तशीच रडत यायची? एकदा आणलीय मी तिला. दुसऱ्यांदा नाही आणणार."

"तेव्हा गोळ्या नव्हत्या, मुलामू."

"गोळ्या मला दिसत नाहीत. मला पाय दिसतात." सेंगानं दाराशी ठेवलेल्या मशीनवरचं फडकं ओढलं. पायानं चालवायचं मशीन. आतून तिनं पिवळ्या कापडाचा गठ्ठा आणला. मिरेंबेला तिनं इथल्या शाळेत घालायचं ठरवलं होतं, सोमवारी सत्र सुरू होणार होतं, त्या गणवेशाचं कापड. "बस. सूर्य त्या उसाला टेकायच्या आत हा गणवेश पुरा कर. स्वतःच्या पायांनी. उठून माझ्या हातात दिलास तर पोरगी घेऊन जा."

"आणि त्या गणवेशाचं काय करायचं?" वाइस्वा म्हणाले. "ती जिंकली तर पोरगी ह्या शाळेत जाणार नाही, हरली तर गणवेश होणार नाही."

"सुतारानं सुतारकी बघावी."

हॅरिएट मशीनशी बसली. मिरेंबेची मापं तिनं टेप न लावता, हातानंच घेतली, खांद्यावरून हात फिरवत. हाताला ती मापं पाठ होती. सहा आठवड्यांत पोरगी दोन बोटं वाढली, असं म्हणाली. कात्री चालली. मग पाय पट्टीवर ठेवले आणि मशीन बोलायला लागलं. खडखड खडखड. बाजारातल्या बायका गोळा झाल्या. कुणी म्हणे, होणार. कुणी म्हणे, ते बघ पोटऱ्या, सुपारीएवढ्या. एकीनं हॅरिएटला बघून देवाचं गाणं सुरू केलं, तर सेंगानं तिला दटावलं, "इथं शिवणकाम चाललंय, प्रार्थना नाही."

तासाभरात कंबर आणि दोन बाह्या झाल्या. मग मशीन थांबलं. हॅरिएटनं डोकं त्याच्यावर टेकलं आणि बसल्या जागी झोपली.

जुईही पेंगत होती. तिला निजवायला मी घरात गेले. आतल्या खोलीत दोन अंथरुणं होती. घरात मच्छरदाणी एकच होती आणि ती लहान अंथरुणावर बांधलेली होती. भिंतीला खडूनं रेघा ओढलेल्या, मिरेंबेच्या उंचीच्या, सहा आठवड्यांच्या सहा. जुईला मी मोठ्या अंथरुणावर निजवलं, कडेला उशी लावली आणि बाहेर आले.

हॅरिएट उठली होती. केळं खाऊन पुन्हा शिवायला लागली होती. पण आता पट्टी हलत नव्हती. पाय नुसते वर ठेवलेले, थरथरत. चाक अर्धं फिरायचं आणि उलटं यायचं. तिच्या ओठांवर घामाचे थेंब उभे होते. सूर्य उसाच्या वर हातभर.

"पुरे कर," वाइस्वा हळूच म्हणाले.

"घेर राहिलाय."

मग चाक फिरलं. एकदा, दोनदा, मग सलग. खडखड खडखड. मला वाटलं, कुठून आला हा जोर? हॅरिएटचा चेहरासुद्धा बुचकळ्यात पडलेला. मी खाली पाहिलं. लोंबणाऱ्या पिवळ्या कापडामागून पायांचे दोन लहान तळवे बाहेर आले होते, तांबड्या मातीनं माखलेले. मिरेंबे मशीनखाली पालथी पडून दोन्ही हातांनी पट्टी दाबत होती.

मी झटकन सेंगाकडे पाहिलं. आणि सेंगानं पाहिलं होतं. मला दिसलं, तिनं पाहिलेलं. ते दोन तळवे, त्यांचं जोर लावताना आवळणं, सगळं. तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सगळ्या बाजाराला ऐकू जाणार. पण ती वळली. मशीनकडे पाठ केली, कढईपुढे जाऊन उभी राहिली, आणि तेलात एकही तुकडा नसताना झाऱ्यानं तेल ढवळत राहिली. शेवटची शिवण पुरी होईपर्यंत ती वळली नाही.

"झालं," हॅरिएट म्हणाली.

तोवर मिरेंबे कुठूनशी आली आणि अंगावरची धूळ झटकत साळसूदपणे उभी राहिली. हॅरिएट मशीनला धरून उठली. पाच पावलं होती. ती पाचही पावलं तिनं आपल्याच पायांनी टाकली आणि गणवेश सेंगाच्या हातात दिला.

सेंगानं तो उलटा केला, सुलटा केला, शिवण ओढून पाहिली, दोरा नखानं तोडला.

"कॉलर वाकडी आहे."

"नेहमीच असते," हॅरिएट म्हणाली. "मी निरोगी होते तेव्हापण."

"ते खरं." सेंगानं मिरेंबेला जवळ ओढलं. गणवेश तिच्या अंगात घातला, बटणं लावली, प्रत्येक बटण दोनदा चाचपून. मग तिच्या हातावरची माती आपल्या कंबरेच्या कापडाच्या टोकानं पुसली. खूप वेळ पुसली. "सुट्टीत येशील तेव्हा घालायचा हा. इथं आलीस की इथला."

"हो, सेंगा."

एवढंच. मिरेंबेनं आपल्याला कुठल्या नावानं हाक मारली ते सेंगानं ऐकलं आणि मान हलवली. मग वही माझ्यापुढे आपटली. "आता दुरुस्त कर. नीट लिही, जसं सांगितलं होतं तसं. लाजू नको."

मी पेन घेतलं. 'आजपासून'वर रेघ मारली. वर लिहिलं, 'मी मेल्यावर.'

"त्याच्यापुढं लिही, म्हातारी होऊन," हॅरिएट म्हणाली.

"त्याच्यापुढं लिही, दात पडून," वाइस्वा म्हणाले.

"आणि लिही," सेंगा म्हणाली, "तोवर सेंगा मेली नसेल तर!" ह्यावर तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली आणि मग सगळा तिठा हसला. ओळ वहीच्या समासातून खाली उतरून पुढच्या पानावर गेली.

निघताना तिनं आम्हाला कसाव्याची पिशवी दिली, मिरेंबेच्या वेण्यांना कुठलं तेल लावायचं ते बजावलं, मशीन पुढच्या शनिवारी उसाच्या ट्रॅक्टरवरून धाडते म्हणाली. झोपलेल्या जुईला तिनंच आणून माझ्या पाठीवर बांधलं. गाठ मारताना तिचा हात क्षणभर जुईच्या पाठीवर थांबला. "ही तुला रात्री झोपू देते का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. "मिरेंबे देते," ती म्हणाली. "पण एका कुशीवरच झोपते. डाव्या. हॅरिएटला ठाऊक असेल." आणि कढईकडे गेली.

चढ लागला तसे मी आणि मिरेंबे सायकलवरून उतरलो, सायकलवाला रिकामी सायकल घेऊन पुढे गेला. वाइस्वा हॅरिएटला गादीवर बसवूनच सायकल ढकलत पुढे चालले होते, आणि ती मागं बसून कसावा खात त्यांना कुठला खड्डा टाळायचा ते सांगत होती. "मी इतकी वर्षं काय डोळे मिटून चालवतो?" ते म्हणत होते. ऊन उसावरून आडवं आलं होतं. मिरेंबे माझ्याबरोबर चालत होती, पिवळ्या नव्या गणवेशात, वही छातीशी धरून. तिठा अजून दिसत होता. आंब्याखाली सेंगा ठिपक्याएवढी. मिरेंबे चार पावलं चालायची, वळून बघायची, हात हलवायची. ठिपकाही हात हलवायचा.

वळणावर आंबा उसाआड गेला. मिरेंबे थांबली. मग धावत येऊन तिनं माझं बोट धरलं.

"मामा जुई."

"काय गं?"

"सहा आठवडे मी तिला आई म्हणायचे. वहीत होतं म्हणून. पहिल्या हाकेला जायचे." ती पायानं एक खडा ढकलत चालली होती. "आता मी आईकडे चाललेय. ते बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग आता सेंगा कुणाची आई?"